दांडा कोणी धरायचा

३ जून, मंगळवार

मी गेले तर शाळा कोण चालवेल? कालपासून हा एकच प्रश्न डोक्यात आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. परीक्षेत आला असता तर सोडून पुढं गेले असते. इथं पुढचा प्रश्नच नाही.

काल दुपारी येनाहून मेल आली. तिथल्या प्रकाशशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी.ची जागा, एक सप्टेंबरपासून. मुलाखत इतकी वाईट गेली असं मला वाटलं होतं की मी तिचा विचारच सोडला होता. होकार द्यायचा तर वीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत. मेल वाचली आणि आनंद व्हायच्या आधी मला रविवार आठवला. येना कोलोनपासून रेल्वेनं पाच तास. रविवारी सकाळी दहाला इथं शिकवायचं तर शनिवारी निघावं लागेल. असं करता येणार नाही हे दिसत असूनही मी तासभर गाड्या बघत बसले.

शाळा म्हणजे कोलोनच्या एरेनफेल्ड भागातल्या चर्चच्या गेमाइंडेहाउसची, म्हणजे सभागृहाची, मागची खोली, अकरा मुलं आणि मी. ती सुरू झाली कबीरमुळे. दोन वर्षांपूर्वी यशोधनदादांच्या घरी जेवायला गेले होते. दादा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि इथं आल्यावर मला पहिल्यांदा कोणी घरी बोलावलं ते त्यांनी आणि विभावरीवहिनींनी. जेवताना नाशिकहून दादांच्या आईचा, सुधाकाकूंचा व्हिडिओ कॉल आला. आजी मराठीत विचारत होत्या, सात वर्षांचा कबीर जर्मनमध्ये उत्तरं देत होता, आणि दादा मधे उभे राहून आईला नातवाचं बोलणं समजावून सांगत होते. मला ते बघवलं नाही. मी तिथल्या तिथं म्हटलं, मी शिकवीन. मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण हल्ली मला उगीच वाटायला लागलंय की कोणीतरी माझ्यावर लादलं.

घरी फोन केला. आप्पा नुकतेच ड्यूटीवरून आले होते, सोलापूर-बार्शी एसटीची शेवटची फेरी. आमच्या घरात बारावीच्या पुढं मीच पहिली गेले, त्यामुळे शिक्षणाबद्दल त्यांना काही सांगायचं म्हणजे सगळं मुळापासून सांगावं लागतं.

"म्हणजे अजून शिकायचंच आहे?" आप्पा म्हणाले.

"पगार मिळतो आप्पा. शिकायचाच पगार."

"असं होय. मग चांगलंय की." मग म्हणाले, "पण तिथल्या लोकांना विचारून घे. परक्या मुलखात त्यांनी तुला सांभाळलं. न विचारता उठून जाणं बरं दिसत नाही."

ते बरोबरच आहे. विचारीन.

७ जून, शनिवार

विचारायला म्हणून दादांकडं गेले आणि सहलीचं नियोजन घेऊन परत आले.

सुधाकाकू गेल्या महिन्यात नाशिकहून आल्यात, तीन महिन्यांसाठी. वहिनींची नवी नोकरी मे महिन्यात सुरू झाली, निधी अजून पाच वर्षांची, त्यामुळे काकूंना बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा त्या ओट्याशी पोळ्या लाटत होत्या, निधी त्यांच्या पदराला धरून उभी होती. नातवंडांत रमलेली आजी पाहून मला फार बरं वाटलं. माझ्या मनात शाळेचं जे चित्र होतं ते हेच.

दादा म्हणाले, "बरी आलीस. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी वर्गाऐवजी सहल काढू या. आईबापांसकट. ते रेडवूडचं जंगल आणि धबधबा म्हणालीस ना मागे?"

मागे म्हणजे मार्चमध्ये मी एकदा म्हणाले होते. कोलोनच्या पूर्वेला, डोंगराळ भागात, शंभरेक वर्षांपूर्वी कोणा जंगलखात्याच्या माणसानं अमेरिकेतली ही झाडं लावली. जर्मन लोक त्यांना मॅमथ झाड म्हणतात. त्यांच्या पलीकडं घळीत धबधबा आहे.

"सतरा किलोमीटर आहे दादा. चढ आहे."

"अगं आपण सह्याद्रीतली माणसं."

गेल्या तीन वर्षांत दादा पार्किंगच्या पलीकडं चाललेले मी पाहिले नाहीत, पण बोलले नाही. मग म्हटलं, "दादा, मला एक विचारायचं होतं..." तेवढ्यात वहिनी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाल्या, "ईश्वरी, तू आहेस म्हणून हे सगळं होतंय बाई. आमच्याच्यानं झालं नसतं." त्या दमलेल्या दिसत होत्या. मी विचारलं, निधीचा डबा कुठं ठेवू.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "डोळे का असे झालेत? झोपत नाहीस का?"

मी म्हटलं, "झोपते की." काकूंच्या स्वतःच्याच डोळ्यांखाली काळं होतं. विमानप्रवासाचा शीण असेल. महिना झाला तरी उतरलेला नाही.

१२ जून, गुरुवार

ग्रुपवर आज दिवसभर सहल. प्रॅम नेता येईल का. मसालेभात करू की पुलाव. तिथं टॉयलेट आहे का. सगळ्यांचे डबे एकत्र करू, पण एकत्र केलेले उचलणार कोण. मी लिहिलं, मी मोठी सॅक आणते.

एक गोष्ट मी ठळक अक्षरांत टाकली. हा धबधबा कायम वाहत नाही. पूर्वी तिथं पाण्यावर चालणारा लोखंड ठोकायचा कारखाना होता, त्याचं तळं अजून आहे. तळ्याचं दार गावातल्या वाँडरफेराइनचे लोक, म्हणजे पदभ्रमण मंडळवाले, उन्हाळ्यात रविवारी बारा ते दोन उघडतात, तेव्हाच पाणी पडतं. दोननंतर बंद. खाली सतरा अंगठे आले. म्हणजे सर्वांनी वाचलं.

मुलांसाठी शब्दांची कार्डं केली: खोड, साल, मूळ, फांदी, घळ, शेवाळ. झाडांखाली उभं राहून पाच मिनिटं काय बोलायचं तेही लिहून काढलं. वाचलं की ही झाडं इथं वाढतात, उंच होतात, पण त्यांचं बी इथल्या मातीत आपणहून सहसा रुजत नाही. यावरून मला मुलांना भाषेबद्दल काही सांगता येईल.

येनाला उत्तर दिलेलं नाही. रविवारी वाटेत दादांना गाठीन. चालताना बोलणं सोपं जातं.

१६ जून, सोमवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सुट्टी घेतली आणि दुपारी अंथरुणातूनच लिहिते आहे. मांड्या दगडासारख्या झाल्यात, आणि तळहाताला फोड आहे, म्हणून अक्षर असं.

ठरलेली गाडी चुकली, कारण मसालेभाताचा थर्मास घरी राहिला आणि कोणीतरी तो आणायला परत गेलं. पुढच्या गाडीनं गेलो. स्टेशनपासूनच चढ. माझ्या सॅकमध्ये पस्तीस-चाळीस दशम्या, शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे, औषधं, आणि तासाभरात ऊन वाढल्यावर मुलांची जाकिटंही. वर्गातल्या एका मुलीची आई मधूताई, तिच्या बाळाची प्रॅम पहिल्या मुळाशीच अडली. मग एक बाजू तिनं आणि एक बाजू मी, अशी ती उचलून नेली. बाळ चालायला तयार नव्हतं आणि प्रॅममध्ये बसायलाही तयार नव्हतं.

सुधाकाकू मात्र न थांबता चालत होत्या. साडी, वर वहिनींचं विंडचीटर, पायांत नवे स्पोर्ट्स शूज. दर वळणावर कोणीतरी म्हणायचं, "आई, बसा जरा." त्या म्हणायच्या, "तुम्ही बसा." त्यांना धाप लागलेली मी एकदाही पाहिली नाही. मला लागली होती.

झाडं. काय लिहू. फोटोत ती फक्त उंच दिसतात. त्यांच्या खाली गेल्यावर सगळे आवाज एकदम बंद झाल्यासारखं कानांना वाटलं. साल तांबडी, जाड आणि मऊ, बोटानं दाबली तर दबते. कबीरनं एक गुद्दा मारून पाहिला आणि लागलं नाही म्हणून सगळी मुलं झाडांना गुद्दे मारायला लागली. मी कार्डं काढली. "ही साल. म्हणा, साल." कोणी म्हणालं नाही. रुजण्याबद्दलचं बोलायला सुरुवात केली तेव्हा आईबाप फोटो काढत होते आणि मुलं पुढच्या झाडाशी गेली होती. काकू एकट्याच ऐकत उभ्या होत्या. माझं झाल्यावर त्या खोडाला पाठ टेकून म्हणाल्या, "किती शांत आहे गं. इथं कोणी हाक मारत नाही."

त्यानंतरचा चढ सगळ्यात वाईट होता. माथ्यावर लाकडी शेड आहे, बाकं आहेत. पहिले लोक तिथं साडेबाराला पोचले. मी सॅक उतरवली, मुलांनी डबे ओढायला सुरुवात केली, आणि दादा म्हणाले, "थांबा. सगळे आल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. मंडळाची पद्धत आहे."

मधूताई आणि अजून दोन कुटुंबं खूप मागे होती. मी घड्याळ पाहिलं. "दादा, आपण खाऊन घेऊ का? धबधबा दोनला बंद होतो."

"अगं, धबधबा काय पळून जातोय?"

सगळे हसले. मीही हसले. दोनला दार पडतं हे मला माहीत होतं, पण आपल्याकडं धबधब्याला कोण वेळ विचारतं? ऐकताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मागचे लोक आले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. मग पंगत, आग्रह, मसालेभात गार झाल्याची चर्चा, कोणाला लोणचं पोचलं नाही. वाढायला मी आणि काकू.

घळीत उतरून तळ्याशी पोचलो तर अडीच वाजून गेले होते. वाट तळ्याच्या कडेला येते आणि तिथून पायऱ्या खाली धबधब्याच्या पायाशी जातात. कठड्यावरून वाकून पाहिलं. काळा ओला खडक, शेवाळ, आणि एका कडेनं टपटप थेंब.

"वो इस्ट डास वासर?" कबीर म्हणाला. पाणी कुठंय.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच ते पिऊन टाकलं होतं.

तळ्याच्या दाराशी निळ्या कोटातले एक आजोबा कुलूप लावत होते. कोटावर नाव शिवलेलं, विर्त्स. मी त्यांना जर्मनमध्ये सगळं सांगितलं, मुलं लांबून आलीत, चूक आमची आहे.

"दोन म्हणजे दोन," ते म्हणाले. मग मुलांकडं पाहिलं, मग काकूंच्या साडीकडं. "आल्झो, बरं तर. दहा मिनिटं. पण माझा खांदा आता संपला. हा दांडा तुमच्यापैकी कोणीतरी धरायचा."

तो लोखंडी दांडा खाली दाबला की फळी वर उचलली जाते आणि पाणी सुटतं. सोडला की फळी आपल्या वजनानं पडते. दोरीनं का बांधत नाही, असं दादांनी विचारलं. विर्त्स आजोबा म्हणाले, खाली मूल पाण्यात शिरलं तर त्या क्षणी बंद करता आलं पाहिजे, म्हणून माणूसच हवा. ते स्वतः खाली जाऊन मुलांना मागे ठेवणार होते.

"कोण धरणार?" दादांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून "मी धरते" आधीच निघून गेलं होतं.

"ईश्वरी आहेच," दादा म्हणाले, आणि सगळे पायऱ्या उतरले.

काकू थांबल्या. वहिनींना म्हणाल्या, "माझे गुडघे उतरायला नको म्हणतात. तुम्ही व्हा पुढं." सकाळपासून त्यांचे गुडघे काही म्हणाले नव्हते.

मी दांडा दाबला. वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड. पाणी आधी गुरगुरलं, मग फळीखालून घसरत कडेवरून गेलं आणि दिसेनासं झालं. खडकाचं नाक पुढं आलेलं आहे, त्यामुळे तिथून खालचं काही दिसत नाही. क्षणभरानं आवाज आला, आणि त्यावर मुलांचा ओरडा.

"दिसतं का गं इथून?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. ऐकू येतंय."

"मग तू कशाला धरलंस?"

"कोणीतरी धरायला हवं ना."

"का? यशाचे हात मोडलेत?"

मला हसू आलं, दांडा सुटता सुटता राहिला, खालून "अरेरे" ऐकू आलं. काकू आल्या आणि त्यांनी माझ्या शेजारी दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "सरक. दोघी धरू." ताकद होती त्यांच्या हातांत. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता बोल. काय झालंय?"

मी येनाचं सांगितलं. आईआप्पांशिवाय पहिल्यांदाच कोणाला. शुक्रवारची मुदत सांगितली, रविवारच्या गाड्या सांगितल्या, दादांना विचारायचं राहून जातंय तेही सांगितलं.

"अडतं कुठं?"

"शाळा आहे ना काकू. कबीरला आत्ता कुठं यायला लागलंय."

"येतं की. 'आजी, भूक लागली.' 'आजी, निधीनं मारलं.' 'आजी, पाय दुखतात.' तक्रार असली की मराठी. बाकी सगळं जर्मन."

"म्हणजे दोन वर्षांत एवढंच झालं."

"एवढंच कसं? माणूस तक्रार आपल्याच माणसाकडं करतो. दोन वर्षांपूर्वी तेही नव्हतं." त्यांनी हात बदलला. "मी बुधवारी नाशिकला चालले."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांना ऑगस्टपर्यंत राहायचं होतं.

"तिकीट बदलून घेतलं. माझा भाचा आहे नागेश, त्याचा तोच धंदा. यशाला मंगळवारी रात्री सांगीन."

"पण का? काही झालं का घरी?"

"काही नाही झालं. घरचे चांगले आहेत." त्यांनी दांडा अजून जरा खाली दाबला. "हसू नकोस हां. मार्चपासून मी तरणतलावावर जाते. बायकांची सकाळची बॅच. त्रेसष्टाव्या वर्षी. आधी महिनाभर कठडाच सोडला नाही. मग तरंगायला आलं. उताणं पडायचं, कान पाण्यात, कोणाचं काही ऐकू येत नाही. हात मारायला शिकवणार होते, तेवढ्यात यांचा फोन आला. आई, ये."

मी हसले नाही. खरं सांगायचं तर मला धक्का बसला होता. वहिनींची नोकरी, निधी, उन्हाळ्याची सुट्टी, आणि हे पोहण्यासाठी? मी म्हटलं, "काकू, मुलांचं काय?"

"त्यांना आईबाप आहेत."

"निदान आधी दादांना विचारायचं..."

"विचारलं की तो नको म्हणणार. त्याचं चुकत नाही, त्याला गरज आहे. मग मी राहणार. आणि राहिले की मनात राग धरणार, तो त्या पोरांवर निघणार. त्यापेक्षा करून मोकळं व्हायचं आणि मग सांगायचं."

खालून शिटी झाली. दहा मिनिटं झाली होती. आम्ही दांडा वर जाऊ दिला, फळी पडली, आणि आवाज एकदम तुटला.

मी धावतच खाली गेले, पण तोवर खडकावरून नुसत्या दोऱ्या ओघळत होत्या. ग्रुप फोटो काढून झाला होता. आज पाहिला. फोटो सुरेख आलाय. मागं पांढरंशुभ्र पाणी, पुढं सगळे आहेत.

परतीच्या गाडीत निधी माझ्या खांद्यावर झोपली. दादा सगळ्यांना म्हणाले, पुढच्या वर्षीही ईश्वरीच, आणि आधी गणपतीत मुलांचं नाटक. टाळ्या वाजल्या. दादांशी बोलणं राहून गेलं. चढावर माझ्यात दम नव्हता आणि उतारावर त्यांच्यात.

१७ जून, मंगळवार

मला काकूंचा थोडा राग आलाय. आपण ज्यांच्यासाठी सगळं करतो ती माणसं मधेच असं उठून गेली तर करायचं तरी कशाला? रविवारी दांड्याशी उभ्या असताना त्या मला फार जवळच्या वाटल्या होत्या. आज वाटतं, त्यांनी मला त्यांच्या गुपितात सामील करून घेतलं आणि वहिनींशी मला खोटं वागायला लावलं.

येनाच्या प्राध्यापकबाईंना नकाराची मेल लिहून ठेवली. फार विनयानं लिहिली आहे. पाठवली नाही. आप्पा म्हणाले तसं आधी दादांना विचारायचं. ते जा म्हणाले तर गोष्ट वेगळी.

१८ जून, बुधवार

सकाळी वहिनींचा फोन. "आई निघाल्यात. आत्ता. यशोधन सोडायला गेलाय फ्रँकफुर्टला. तुला माहीत होतं?"

"हो, वहिनी."

त्या म्हणाल्या, "बरं. आज चारला निधीला किंडरगार्टनमधून आणशील का? माझी मीटिंग आहे."

आणलं. दादा घरीच होते. कुकर करपला होता आणि ते तो घासत होते. डोळे लाल. कबीर सोफ्यावर कानाला हेडफोन लावून बसला होता.

"कमाल केली आईनं," दादा म्हणाले. "सगळं ठरवून मोकळी. सांगायची काही पद्धत असते की नाही?" मग कुकरमध्येच बघत म्हणाले, "तिला इथं आवडत नव्हतं का गं? तुझ्याशी बोलली होती का काही?"

पोहण्याचं सांगावं असं जिभेवर आलं. पण ते त्यांना त्यांच्या आईकडूनच कळावं असं वाटलं. मी म्हटलं, "दमल्या होत्या, दादा."

"इथं काय होतं दमायला? पोळ्याच तर करत होती."

मी खाली वाकून निधीच्या बुटांचे बंद सोडत होते. मग उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, मला एक विचारायचं होतं."

"बोल ना. त्याआधी माझं ऐक. सुट्टी लागेपर्यंत सोमवारपासून संध्याकाळी दोन तास तू इथं येऊ शकशील? मुलांना तुझी सवय आहे. आणि मराठीही होईल त्यांचं. तू काय म्हणत होतीस?"

मी म्हटलं, "काही नाही. नंतर."

दारात कबीर आला. हेडफोन काढून मराठीत म्हणाला, "ताई, आजी मला न सांगता गेली."

घरी येऊन जेवले नाही. काकूंवरचा राग कुठं गेला कळत नाही. फार थकवा आहे, आणि तो चालल्याचा नाही. चालून दुखलेले पाय कालच बरे झाले.

२० जून, शुक्रवार

काल सण होता, सगळं बंद. काही लिहिलं नाही.

आज मुदतीचा दिवस. प्रयोगशाळेत नेहमीचं काम. दादांचा मेसेज: सोमवारपासून नक्की ना? अजून उत्तर दिलेलं नाही. आधी असं कधी केलं नव्हतं, दुपारभर फोन उलटा ठेवला.

काकूंचा आवाजी निरोप आला, पाठीमागं बायकांचा गलका. "पोचले गं. पाणी गार आहे. मॅडम म्हणतात सगळं विसरलात, पहिल्यापासून शिका. यशानं फोन केला होता, रागात होता. मग कबीरशी बोलले. तो माझ्याशी भांडला. मराठीत. अर्धा तास." आणि मग हसल्या.

२१ जून, शनिवार

खोलीची किल्ली वहिनींना नेऊन दिली. म्हटलं, उद्याचा वर्ग तुम्ही घ्या. मला बाहेर जायचंय.

"मी? मला कुठं शिकवता येतं?"

"मलाही येत नव्हतं."

"आणि ते कार्डं वगैरे?"

"कार्डं घेऊ नका. उपयोग होत नाही. त्यांना भांडायला लावा."

वहिनींनी किल्ली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्या ती परत देतील असं वाटलं. म्हणाल्या, "आईंनी जाताना तुझ्यासाठी दशम्या ठेवल्यात फ्रीझरमध्ये. चार. मंगळवारी रात्री केल्या. भांडण चाललं होतं आणि त्या लाटत होत्या." मग पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "तू कुठं चाललीस उद्या?"

"डोंगरात."

"परत? वेडी आहेस का?" पण हसल्या थोड्या.

२२ जून, रविवार

सकाळच्या गाडीनं गेले, एकटी. सॅकमध्ये पाणी आणि दशम्या. चढ तेवढाच होता, पण माझी धाप माझ्याच वेगाची होती. झाडांखाली बसले. काही शिकवायचं नव्हतं म्हणून नुसतं बघितलं. शंभर वर्षं परक्या मातीत उभी आहेत आणि रुजण्याबद्दल मी जे काही लिहून नेलं होतं त्याच्याशी त्यांचा काही संबंध दिसला नाही.

माथ्यावरच्या शेडमध्ये पोचायच्या आधीच भूक लागली. तिथंच एका ओंडक्यावर बसून दशम्या खाल्ल्या. बारा वाजायच्या आत तळ्याशी होते.

विर्त्स आजोबांनी ओळखलं. "आज वेळेवर. एकटीच? धरायचा आहे का?" दांड्याकडं बोट दाखवलं.

"नाही," मी म्हटलं. "आज मला बघायचंय."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून ते आपला बरा खांदा दांड्याशी नेऊन बाराची वाट बघत उभे राहिले.

खाली चारपाच माणसं होती. मी खालच्या कठड्याला टेकून उभी राहिले. आधी खडकाच्या नाकावर एक रेघ चमकली, मग ती रुंद झाली आणि खाली आली. फार मोठा धबधबा नाही. आंबोलीला याच्याहून मोठे रस्त्याच्या कडेला पडतात. पण तोंडावर तुषार आले तेव्हा मी तिथून हलले नाही. दोनला तो बंद होईपर्यंत उभी होते. मधे पाणी दोनदा बारीक झालं. वर आजोबा हात बदलत असणार. गेल्या खेपेला मी तेच करत होते, आणि खालून ते कोणाला दिसत असेल असं मला वाटलं नव्हतं. जाताना वर चढून त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, वीस वर्षांत हे कोणी सांगितलं नाही.

स्टेशनच्या बाकावर बसून दादांना फोन केला. सोमवारी येणार नाही असं सांगितलं, आणि ऑगस्टअखेर येनाला जातेय असंही सांगितलं. दुसऱ्या बाजूला मुलांचा आरडाओरडा होता, वर्गाहून सगळे त्यांच्याकडं जेवायला आले असावेत.

"अगं, पण आधी विचारायचं ना," दादा म्हणाले. आवाज रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि ते जास्त जड गेलं.

"विचारत नाहीये, दादा. सांगतेय."

ते मागं कोणाला तरी म्हणाले, "थांबा रे, एवढ्यात वाढू नका," आणि मला म्हणाले, संध्याकाळी ये, बोलू. मी म्हटलं, आज नाही, आज पाय दुखतायत. दुखतच होते.

आप्पांना रात्री सांगायचं आहे. विचारून घे म्हणाले होते. त्यांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. शाळा कोण चालवेल तेही मला अजून माहीत नाही.

होकार मी गुरुवारीच पाठवला. इथं लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुन्हा विचार करत बसले असते.